एका कॅमेऱ्यात दोन संसार: फोटो आणि व्हिडिओसाठी कॅमेरा कसा लावून घ्यावा

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील एका गावी माझ्याकडे लग्नाचे काम होते. दुपारी वऱ्हाड गावात शिरताना झांजपथक उड्या मारत नाचत होते, म्हणून शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड पडू देण्याचा वेळ, सेकंदाच्या १/१००० भागावर नेऊन मी फोटो काढले. अर्ध्या तासाने मंडपात गेलो, डायल व्हिडिओवर फिरवला आणि मंगलाष्टके सुरू होताच रेकॉर्डिंगचे बटण दाबले. शटर मात्र १/१००० वरच राहिले होते. घरी येऊन संगणकावर पाहिले तेव्हा मंडपातील एलईडी दिव्यांमुळे नवरानवरीच्या अंगावरून काळे पट्टे सरकत होते, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, आपोआप १२८०० पर्यंत चढल्याने शालूच्या रंगावर वाळू फेकल्यासारखे दाणे उठले होते आणि अक्षता पडण्याऐवजी हवेत ठेचकाळत खाली येत होत्या. कॅमेरा चांगला होता, लेन्सही चांगली होती. मीच फोटोची मांडणी व्हिडिओला लावली होती.

तेव्हापासून मी एकाच कॅमेऱ्यात फोटो आणि व्हिडिओ यांचे संसार वेगळे मांडतो आणि ते काम कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरी, निवांतपणे करतो. पुढे दिलेला क्रम कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म, पॅनासॉनिक यांपैकी कोणत्याही कंपनीच्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याला लागू पडतो. मेन्यूतील नावे थोडी इकडेतिकडे असतील, मात्र गोष्टी त्याच आहेत.

आधी यंत्र स्वच्छ पाटीवर आणावे

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातील पुष्कळ हौशी मंडळींचा पहिला कॅमेरा वापरलेला असतो. कुणी कोल्हापूर-पुण्याहून आणलेला, कुणी एखाद्या स्टुडिओवाल्याकडून घेतलेला. अशा कॅमेऱ्यात आधीच्या मालकाच्या सवयी दडलेल्या असतात. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करून सर्वप्रथम मेन्यूतून कारखान्यातील मूळ सेटिंगवर रीसेट करावे, मग भाषा निवडावी. आमच्याकडे दुकानांच्या पाट्या दोन-तीन भाषांत असतात, कॅमेऱ्याचा मेन्यू मात्र इंग्रजीतच ठेवावा, कारण अडचण आल्यावर मदतीला येणारी माहितीपुस्तिका आणि दुरुस्ती करणारा माणूस दोघेही तीच नावे वापरतात. जपानी बाजारपेठेतील कॅमेरा स्वस्तात मिळतो म्हणून घेण्यापूर्वी त्यात इंग्रजी भाषा आहे ना, हे हातात धरूनच पाहावे. सोनीच्या तशा अनेक कॅमेऱ्यांत फक्त जपानी भाषा असते.

त्यानंतर तारीख, वेळ आणि भारतीय प्रमाणवेळेचा विभाग, म्हणजे अधिक ५:३०, नीट लावावा. एकटा कॅमेरा असेल तर पाच मिनिटांची चूक खपून जाते. दोन कॅमेऱ्यांवर काम असेल, तर पुढे दोन्हींतील फोटो वेळेनुसार एकत्र लावताना हार घातल्याचा फोटो अंतरपाट धरण्याच्या आधी येऊन बसतो. दोन्ही घड्याळे मोबाइलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवावीत आणि खात्रीसाठी दोन्ही कॅमेऱ्यांनी मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवावा. फाइलचे क्रमांक कार्ड बदलल्यावर पुन्हा १ पासून सुरू होणार नाहीत, अशा सलग पद्धतीवर ठेवावेत. नाहीतर एकाच नावाच्या दोन फाइली एका फोल्डरमध्ये येऊन एक दुसरीला पुसून टाकू शकते.

पुढची गोष्ट लहान आहे, पण निम्म्या लोकांनी तिला कधी हात लावलेला नसतो. डोळा लावून पाहण्याच्या खिडकीजवळ एक बारीक चाक असते, ते डायऑप्टरचे. खिडकीतून दिसणारे आकडे आणि रेषा आपल्या डोळ्याला ठळक दिसेपर्यंत ते फिरवावे. समोरच्या दृश्याकडे पाहून ते फिरवू नये, आकड्यांकडेच पाहावे. चष्मा लावून फोटो काढणार असाल, तर चष्मा लावूनच हे करावे. चाक चुकीच्या जागी असेल तर नीट फोकस झालेला फोटोही धूसर वाटतो आणि माणूस विनाकारण लेन्सला दोष देत बसतो.

कार्डाच्या बाबतीत काटकसर करू नये. कार्डावर व्ही ३० असे लिहिलेले असेल, तर ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट या वेगाने सतत लिहून घेऊ शकते, असा त्याचा अर्थ आहे. दुकानदार दाखवतो तो मोठ्या अक्षरांतील आकडा बहुधा वाचण्याचा वेग असतो, त्यावर जाऊ नये. शंभर मेगाबिटच्या फोर-के व्हिडिओला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट जागा लागते, म्हणजे तासाला सुमारे ४५ गिगाबाइट. या हिशोबाने ६४ गिगाबाइटचे कार्ड जेमतेम ८५ मिनिटांत भरते. रात्रभर चालणाऱ्या कामाला किती कार्डे न्यायची, हे या गणिताने आधीच ठरवावे. कार्ड संगणकावर फॉरमॅट न करता ज्या कॅमेऱ्यात वापरायचे त्याच कॅमेऱ्यात करावे आणि एका कॅमेऱ्यातले भरलेले कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात घालून त्यावर लिहू नये.

फोटोचा संसार

फाइल कोणत्या स्वरूपात साठवायची, हा पहिला निर्णय आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या, फाइलमध्ये १६,३८४. नंतर सावली उजळायची असेल किंवा रंग सुधारायचे असतील, तर या पायऱ्याच उपयोगी पडतात. मात्र घरच्या मंडळींना संध्याकाळच्या आत व्हॉट्सॲपवर चार फोटो हवे असतात आणि रॉ फाइल त्यांच्या मोबाइलवर सहसा उघडत नाही. म्हणून रॉ आणि जेपेग दोन्ही साठवण्याचा पर्याय निवडावा. रंगाची जागा एसआरजीबी ठेवावी. ॲडोबी आरजीबी हा पर्याय ऐकायला भारदस्त आहे, पण त्यात काढलेले जेपेग साध्या मोबाइलवर आणि गल्लीतल्या प्रिंटवाल्याकडे फिकट दिसण्याची शक्यता असते.

डायल ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवून सुरुवात करावी. कॅननवर ती एव्ही या अक्षरांनी दाखवलेली असते, इतरांवर ए या अक्षराने. या पद्धतीत ॲपर्चर, म्हणजे लेन्समधील उजेडाचे छिद्र, आपण ठरवतो आणि शटर कॅमेरा ठरवतो. एफचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान आणि पुढेमागे स्पष्ट दिसणारा भाग जास्त. एकट्या माणसासाठी एफ/२.८ ते एफ/४ पुरते. लग्नातील तीन ओळींच्या घोळक्यासाठी मात्र एफ/५.६ ते एफ/८ लागते, नाहीतर पुढच्या ओळीतील आजी स्पष्ट आणि मागच्या ओळीतील मामा अस्पष्ट, असा फोटो मिळतो आणि ते मामा पुढची दहा वर्षे त्याची आठवण करून देतात.

आता ऑटो आयएसओचा मेन्यू उघडावा. त्यात दोन मर्यादा घालता येतात. कमाल आयएसओ ६४०० ठेवावा. अगदी जुना कॅमेरा असेल तर ३२०० पुरे. दुसरी मर्यादा किमान शटरची. उभ्या माणसांसाठी १/१२५, चालत्या मिरवणुकीसाठी १/२५०, लेझीम किंवा कुस्तीसाठी १/८००. ही मर्यादा न घालता ऑटो आयएसओ वापरला, तर कॅमेरा आयएसओ वाचवण्यासाठी शटर खाली खाली नेतो आणि संध्याकाळच्या आखाड्यातील निकाली डाव हललेला येतो. थोडे दाणे असलेला फोटो चालवून घेता येतो, हललेल्या फोटोचे काही करता येत नाही. हात स्थिर राहण्यासाठी जुना नियम असा की, लेन्सवर लिहिलेली फोकल लांबी जेवढी मिलिमीटर, तेवढ्या भागाहून शटर मंद नसावे. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सरवर ती लांबी दीडपट धरावी, कॅननच्या तशा कॅमेऱ्यावर १.६ पट. म्हणजे ५० मिलिमीटरच्या लेन्सला साधारण १/८०. लेन्समध्ये किंवा बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर याहून खाली जाता येते, मात्र ते आपल्या हाताचा कंप थांबवते. समोरचा पैलवान ते थांबवू शकत नाही.

प्रकाश मोजण्याची कॅमेऱ्याची रीत एकदा समजून घेतली की पुष्कळ प्रश्न सुटतात. समोर काहीही असो, त्याची सरासरी मध्यम करडी यावी, एवढाच हिशोब कॅमेरा करतो. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ सालची आहे, काळ्या दगडातली. चौकटीत तो दगडच भरलेला असेल तर कॅमेरा त्याला करडे करण्यासाठी उजेड वाढवतो आणि दगडाचा घट्ट काळेपणा उडून जातो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमीजास्त करण्याची सोय, उणे ०.७ ते उणे १ ठेवावे. उलट श्रावणात कणकुंबीच्या बाजूला धुक्यात उभे राहिलो की सगळे पांढरे असते आणि कॅमेरा त्याला मळकट करतो. तिथे अधिक १ लागते. गोकाकचा धबधबा ५२ मीटर उंचीचा आहे आणि पावसाळ्यात घटप्रभेचे पाणी गढूळ तांबूस असते, त्यामुळे तिथे पाण्यावर नुसता अंदाज चालत नाही. पाण्याचे तुषार आणि मागचे आकाश एकाच वेळी चौकटीत असतात, तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतील उजेडाचा आलेख, पाहावा. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल, तर तेवढा भाग कायमचा पांढरा झाला. फोटो पाहताना असे उडालेले भाग लुकलुकून दाखवणारी सूचना मेन्यूत असते, ती सुरू करून ठेवावी. कॅमेऱ्यामागच्या पडद्याच्या उजेडावर विसंबू नये. रात्री तो फोटोला नको तेवढा उजळ भासवतो आणि अथणीच्या वैशाखातल्या उन्हात त्यावर काहीच दिसत नाही.

फोकससाठी स्थिर माणसाला एएफ-एस (एकदा धरून थांबणारा फोकस), हलत्याला एएफ-सी (सतत पाठलाग करणारा) ही साधी विभागणी आहे; कॅनन त्यांना वन शॉट आणि सर्व्हो म्हणते. चेहरा आणि डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती सुरूच ठेवावी, मात्र गर्दीत कॅमेरा भलत्याच चेहऱ्याला धरतो, म्हणून एकच बिंदू निवडण्याचा पर्याय एका बटणावर जवळ ठेवावा. थोडा सराव झाल्यावर फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर द्यावे. अंगठा दाबून ठेवला की फोकस सतत पाठलाग करतो, सोडला की जागीच थांबतो, त्यामुळे एएफ-सीवरून पुन्हा हलावेच लागत नाही. पहिले दोन दिवस चिडचिड होते, हे खरे आहे.

रंगांविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण आमच्या भागात रंगच कॅमेऱ्याला चकवतात. व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून साधलेला रंगांचा तोल. तो ऑटोवर असला की जिथे एकच रंग भरलेला दिसतो, तिथे तो रंग कमी करायला जातो. आखाड्यातील लाल माती चौकटभर असेल तर ती विटक्या तपकिरी रंगाची होते आणि पैलवानांची अंगे निळसर पडतात. हळदीच्या कार्यक्रमात तर साडी पिवळी, भिंत पिवळी, नवरीचे गाल पिवळे. कॅमेरा त्यातला पिवळेपणा शोषून घेतो आणि हळद उतरल्यासारखी दिसते. उघड्यावर असताना व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशाच्या चिन्हावर, म्हणजे सुमारे ५५०० केल्विनवर, पक्का करावा. मंडपात छताचे कापड रंगीत असेल तर खाली येणारा उजेडच त्या रंगाचा असतो. तिथे नवरानवरी जिथे उभी राहणार त्या जागी करडे कार्ड किंवा स्वच्छ पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यावा. गुलाबी छताखाली हे केले नाही, तर सगळे वऱ्हाड लाजल्यासारखे येते. रॉ फाइलमध्ये ही चूक नंतर निस्तरता येते. व्हिडिओत तशी सोय नाही.

व्हिडिओचा संसार

आता डायल व्हिडिओवर न्यावा आणि इथे सगळे नव्याने लावावे.

पहिली गोष्ट विजेची. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे तिच्यावर चालणारे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. म्हणून मेन्यूत पाल आणि एनटीएससी असे दोन पर्याय असतील तर पाल निवडावा, सेकंदाला २५ फ्रेम ठेवाव्यात आणि शटर १/५० वर कायम करावे. १/५० मध्ये दिव्याची दोन पूर्ण आवर्तने बसतात, १/१०० मध्ये एक. या दोहोंत पट्टे येत नाहीत. अमेरिकेतील भाच्याने आणलेला कॅमेरा बहुधा एनटीएससीवर असतो, तो ३० फ्रेम आणि १/६० वर चालतो आणि आपल्या ट्यूबलाइटखाली उजेड थरथरत राहतो. काही कॅमेऱ्यांत हा पर्याय बदलला की कार्ड पुन्हा फॉरमॅट करावे लागते, म्हणून हे काम रिकाम्या कार्डावरच करावे.

१/५० चे दुसरेही कारण आहे. शटर फ्रेमच्या दुप्पट ठेवले की हालचालीला नैसर्गिक ओघ येतो. फार वेगवान शटरने ती तुटक दिसते. माझ्या त्या अक्षता याच कारणाने ठेचकाळल्या होत्या. मंद गतीत दाखवायचा प्रसंग असेल तर सेकंदाला ५० फ्रेम आणि शटर १/१०० घ्यावे, आणि नंतर संपादनात गती निम्मी करावी. झांजपथकाला हे शोभते. भटजींना शोभत नाही.

तरीही चित्ररथांवर एक अडचण उरतेच. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर बाजारपेठेतील गल्ल्यांतून फिरते आणि पुष्कळ रथांवरील दिवे जनरेटरवर चालतात. जनरेटरवर अचानक भार पडला की त्याची वारंवारता ५० वरून थोडी घसरते, म्हणून १/५० वर असूनही एखाद्या रथावर पट्टे हळूहळू वर चढताना दिसतात. शिवाय एलईडीच्या भिंती आणि सजावटीच्या माळा आपल्याच तालात लुकलुकतात. कॅमेऱ्यात शटर अगदी बारीक पायऱ्यांनी बदलण्याची सोय असेल तर पडद्याकडे पाहत पट्टे थांबेपर्यंत ते हलवावे. नसेल तर १/५०, १/१०० आणि १/२५ या तिन्हींवर पाच-पाच सेकंद पाहून कमीत कमी पट्टे येतील ते धरावे. अशाच दिव्यांत फोटो काढताना इलेक्ट्रॉनिक, म्हणजे आवाज न करणारे शटर वापरू नये. मेकॅनिकल शटर लावून फ्लिकर, म्हणजे दिव्यांची लुकलुक, कमी करण्याचा पर्याय असल्यास तो चालू करावा.

रेझोल्यूशन गरजेप्रमाणे ठरवावे. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० बिंदू, फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. व्हिडिओ शेवटी मोबाइलवरच पाहिला जाणार असेल तर फुल एचडी पुरते. फोर-केचा खरा फायदा असा की, संपादनात चौकट आत ओढून एका शॉटचे दोन करता येतात. त्याची किंमत मात्र उष्णतेत मोजावी लागते. एप्रिल-मेमध्ये अथणी-चिकोडीकडे उघड्यावर फोर-के सुरू ठेवले की लहान बॉडीचे कॅमेरे तापून बंद पडतात. मागचा पडदा बॉडीपासून बाहेर ओढून ठेवावा, दोन शॉटच्या मध्ये कॅमेरा सावलीत बंद करावा, आणि आपोआप बंद होण्याच्या तापमानाची मर्यादा बदलता येत असेल तर ती वरच्या पायरीवर ठेवावी. जुन्या मॉडेलांत एक सलग शॉट २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आपोआप थांबतो. कीर्तन रेकॉर्ड करणाऱ्याने हे विसरता कामा नये. अभंग संपून टाळ्या पडल्या की स्वतःच थांबवून पुन्हा सुरू करावे.

दिवसा १/५० वर ठाम राहायचे म्हटले की उजेड अति होतो. हिशोब साधा आहे: लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ला शटर सुमारे १/१०० लागते. शटर १/५० केले की ॲपर्चर एफ/२२ हवे. आपल्याला मात्र पार्श्वभूमी मऊ करण्यासाठी एफ/४ हवे आहे, म्हणजे पाच पायऱ्या उजेड जास्त झाला (प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट). तो अडवण्यासाठी लेन्सवर एनडी ३२ हा, रंग न बदलता उजेड कमी करणारा, गडद काचेचा फिल्टर लावावा लागतो. एनडी ८ तीनच पायऱ्या अडवतो. बेळगावजवळच्या राजहंसगड किल्ल्यावर दुपारी चित्रीकरण करायचे असेल तर फिल्टरशिवाय जाऊ नये. फिरवून कमीजास्त करता येणारा एनडीही मिळतो. त्याचा स्वस्त प्रकार रुंद लेन्सवर आकाशात काळा फुलीसारखा डाग पाडतो, म्हणून मी तो कायमचा कपाटात ठेवला आहे.

एक्स्पोजर पूर्णपणे मॅन्युअल ठेवावे. ऑटो आयएसओ व्हिडिओत ठेवला, तर पांढऱ्या धोतरातील माणूस समोरून गेला की अख्खी चौकट काळवंडते आणि तो गेला की पुन्हा उजळते. व्हाइट बॅलन्सही केल्विनच्या आकड्यावर बांधून टाकावा. झेब्रा नावाची रेघांची सूचना ९५ वर लावावी, म्हणजे गांधी टोपीवर किंवा नवरीच्या शुभ्र मुंडावळ्यांवर रेघा दिसल्या की उजेड थोडा कमी करायचा हे कळते.

लॉग प्रोफाइलचे, म्हणजे नंतर रंग घडवण्यासाठी मुद्दाम फिके चित्र साठवण्याच्या पद्धतीचे, सध्या फार कौतुक आहे. त्यात उजेड-सावलीची माहिती अधिक राहते हे खरे, पण चित्र फिकट येते, संपादनात रंग घडवावे लागतात, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत लॉगचा किमान आयएसओच ६४० किंवा ८०० असल्याने दिवसा आणखी गडद फिल्टर लागतो. आठ बिटच्या कॅमेऱ्यात तर आकाश ताणल्यावर त्यात पायऱ्या दिसतात. माझे मत विचाराल तर पहिले वर्षभर स्टँडर्ड प्रोफाइल घेऊन त्यातला कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस दोन-दोन घरे खाली आणावे आणि लॉगच्या वाटेला जाऊ नये.

व्हिडिओतील फोकससाठी सतत फोकस आणि चेहरा ओळख सुरू ठेवावी, पण फोकस सरकण्याची गती मंद करावी आणि मध्ये कुणी आले तरी मूळ माणसाला धरून ठेवण्याची वृत्ती वाढवावी. नाहीतर अंतरपाटासमोरून प्रत्येक आत्याबाई गेली की कॅमेरा तिच्यामागे धावतो. ट्रायपॉडवर लावल्यावर स्टॅबिलायझेशन बंद करावे.

आवाज

फोटो कमी पडले तर लोक चालवून घेतात, मंगलाष्टकांचा आवाज फाटला तर नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा मायक्रोफोन बटणांचे आवाज आणि फोकसची घरघर आधी टिपतो, म्हणून ३.५ मिलिमीटरच्या जॅकला बाहेरचा मायक्रोफोन लावावा. मेन्यूत आवाजाची पातळी ऑटोवरून मॅन्युअलवर आणावी. ऑटोवर ढोल थांबला की कॅमेरा पातळी वाढवतो, शांततेतला गोंगाट वर येतो आणि पुढच्या टिपरूला आवाज फुटतो. कॅमेऱ्यातील पातळी खालच्या बाजूला ठेवून मायक्रोफोनचाच आवाज वाढवता येत असेल तर वाढवावा, त्याने सरसर कमी होते. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल अशी पातळी लावावी, आणि ती ढोल वाजत असताना लावावी. वादक हातपाय मोकळे करताना लावलेली पातळी पुढे हमखास तुटते.

वाऱ्याचा आवाज कापणारा विंड कट पर्याय राजहंसगडावर उपयोगी पडतो, पण देवळातील भजनात तो बंद ठेवावा. खालचे सूर कापत असल्यामुळे पखवाजाचा भरदारपणा त्याने पातळ होतो. वाऱ्यावरचा खरा उपाय म्हणजे मायक्रोफोनवर घालायची केसाळ टोपी. कॅमेऱ्याला हेडफोनचा जॅक असेल तर तो रिकामा सोडू नये. अर्धवट घुसलेली मायक्रोफोनची पिन पडद्यावर दिसत नाही, कानाला लगेच कळते.

दोन्ही संसार डायलवर नोंदवणे

एवढी मेहनत एका रीसेटने वाया जाऊ नये, म्हणून ती जतन करावी. कॅननच्या बऱ्याच मॉडेलवर सी१, सी२, निकॉनवर यू१, यू२ आणि सोनीवर १, २, ३ अशी घरे डायलवर असतात. मी पहिल्या घरात उभ्या माणसांच्या फोटोंची मांडणी ठेवतो, दुसऱ्यात हलत्या प्रसंगांची, आणि व्हिडिओसाठी वेगळे घर. मांडणी पूर्ण झाल्यावर मेन्यूतून नोंदणीचा आदेश द्यावा लागतो. नुसता डायल फिरवून काही जतन होत नाही. कॅननमध्ये घरातील मांडणी वापरता वापरता आपोआप बदलून ठेवण्याचाही एक पर्याय असतो, तो बंद असावा, म्हणजे प्रसंगी केलेला बदल कॅमेरा बंद करताच विसरला जातो आणि पुन्हा मूळ घर मिळते.

काही कॅमेरे फोटो आणि व्हिडिओचे शटर आपणहून वेगळे ठेवतात, काही ठेवत नाहीत. आपला कोणत्या जातीचा आहे, हे दोन मिनिटांत तपासता येते: फोटोत शटर १/१००० करावे, व्हिडिओवर जाऊन आकडा पाहावा. डायलवर घरेच नसतील तर कागदी चिकटपट्टीवर “व्हिडिओ: १/५०, २५, मॅन्युअल आवाज” असे लिहून ती पडद्याच्या मागच्या बाजूला लावावी. माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर ती पट्टी अजून आहे.

त्यानंतर संध्याकाळी आपल्याच गल्लीत दहा मिनिटे रंगीत तालीम घ्यावी. बेळगावात एखाद्या दुकानाच्या एलईडी पाटीखाली उभे राहावे, शहापूर-वडगावकडे राहत असाल तर मागाच्या खोलीत जाऊन यावे. तिथे ट्यूबलाइट, सतत हलणारा धोटा आणि खडखडाट, तिन्ही परीक्षा एका ठिकाणी मिळतात. एक फोटो, एक व्हिडिओ, पुन्हा एक फोटो, असे डायल फिरवून घ्यावे आणि सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर न पाहता संगणकावर पाहावे. पट्टे, दाणे, फाटलेला आवाज, चुकलेला रंग, यांतले जे सापडेल ते दुरुस्त करून घर पुन्हा नोंदवावे.

पाऊस आणि परतल्यावर

जांबोटी-कणकुंबीकडे आषाढ-श्रावणात काम असेल तर आवरण, दोन कोरडे सुती पंचे आणि झिपची पिशवी सोबत हवी. थंड गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर बाष्प धरते. बंद पिशवीतच तो दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या हवेला येऊ द्यावा, मग पिशवी उघडावी. पुसत बसू नये. आखाड्याच्या कडेला आणि वाऱ्यावर लेन्स बदलू नये, लाल माती सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोच्या आकाशात ठिपके येतात.

घरी आल्यावर कार्डातील सर्व फाइली दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवाव्यात, दोन्हीकडची एक-एक फाइल उघडून पाहावी आणि त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे. पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत ठेवला तर लेन्सच्या आत बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावा, डब्यात लहान आर्द्रतामापक टाकावा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असे पाहावे. रंग बदलणाऱ्या पुड्या मिळतात. त्यांचा रंग पालटला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात, मात्र तो तवा भाकरीचा नसावा.